लग्नातला माल

आमच्या घरच्या माणसाला बोलता येत नाही असं कोणी म्हणू नये. ग्रामपंचायतीत बोलतात, बैलबाजारात बोलतात, सोसायटीच्या सेक्रेटरीला तर असं बोलतात की तो चहा पाजूनच मोकळा होतो. घराच्या उंबऱ्यात पाय पडला की मात्र तोंडाला कुलूप. जेवायला बसले की ताटाकडे पाहतील, उठले की वाळत घातलेल्या धोतराकडे. भाजीत मीठ नसलं तरी सांगणार नाहीत, नुसती वाटी सरकवतील. वाटी किती सरकली त्यावरून मी समजायचं, की मीठ कमी आहे, की तिखट जास्त आहे, की आज मनच ठिकाणावर नाही. असा संसार मी केला. दुसरी असती तर तिने भिंतीशी बोलणं सुरू केलं असतं.

अन् हा मुका माणूस महिन्यातून एका सोमवारी भंडाऱ्याला जायचा. कधी खताचं नाव, कधी तहसिलीचं, कधी दाताचं. दातासाठी जेवढ्या वेळा गेले, तेवढ्या वेळा खरंच दात काढला असता तर तोंडात एक उरला नसता. इकडे सुपारी तर कडाकडा फोडतात. मी विचारलं की म्हणायचे, "काम हाय." बस. दोन शब्द. ते सुद्धा माझ्याकडे न पाहता.

आमच्या कोंढा गावात कोणाचं काही लपून राहत नाही. शेजारची सुलोचनाबाई एक दिवस विरजण मागायला आली. विरजण तिच्या घरी असतंच, तिला दुसरंच द्यायचं होतं.

"गोदाबाई, तुमच्या घरचे गान्याचे शौकीन कवापासून झाले वं?"

"कोनतं गानं?"

"आमच्या घरच्यांनी सोताच्या डोळ्यानं पाह्यलं. भंडाऱ्यात ते जुन्या रेकॉर्डीचं दुकान हाय ना, त्याच्यात बाकड्यावर बसले होते. मांडीवर ही एवढी चळत. एकेक काढून पाहून राह्यले होते, जशी नवरीची साडी पाहावं तशी."

"तुमच्या घरच्यांच्या चष्म्याचा नंबर पाहून घ्या म्हना," मी म्हटलं अन् विरजण दिलं. थोडंच दिलं.

पण मनात घुसायचं ते घुसलं. आमच्या घरात रेकॉर्ड वाजवायची मशीन नाही. रेडिओ आहे, तोही बातम्यांपुरता लागतो. मग हा माणूस रेकॉर्डी घेऊन करतो काय? आणतो तर ठेवतो कुठे? मी परसातल्या सांदवाडीपासून धानाच्या कोठीपर्यंत सगळं पालथं घातलं. काही नाही.

मशीन एकेकाळी होती आमच्या घरात. इश्वरची.

इश्वर माझा थोरला. त्याचं शेतीत मन नव्हतं असं लोक म्हणतात, ते खोटं आहे. रोवण्याच्या दिवसांत तो धानाच्या बांधीत बायांच्या बरोबरीने वाकायचा. फक्त दुसरी एक गोष्ट त्याला जास्त आवडायची. पवनीच्या एका म्हाताऱ्याने धंदा मोडला तेव्हा त्याच्याकडून ह्याने दोन भोंगे, मशीन अन् रेकॉर्डींची पेटी आणली. लग्नसराईत बैलांच्या बंडीवर सगळं लादून गावोगाव जायचा. मांडवाच्या बांबूला उंच भोंगा बांधला की दुसऱ्या गावाला कळायचं, इथं लग्न आहे. अन् इश्वरला लोक मुद्दाम बोलवायचे. हळदीच्या वेळी कोणतं लावायचं, वरात शिवेवर आली की कोणतं, नवरी निघाली की कोणतं, हे त्याला सांगावं लागत नसे. बाकीचे भोंगेवाले नवरी रडत असताना नाचाचं गाणं लावून मोकळे होत.

सराईत एका दिवशी दोन-दोन लग्नं निघतात. मग हे भोंगेवाले एकमेकांच्या रेकॉर्डी मागून नेतात. कोणाची कोणती ते कळायला प्रत्येकाची खूण असते. इश्वर एक दिवस चुलीपाशी येऊन बसला.

"माय, आपल्या भांड्याईवर खूण कशी हाय वं?"

मी राखेत बोटाने काढून दाखवली. तीन टिपके अन् खाली आडवी रेघ. गावात लग्न निघालं की घराघरातून गंज, पराती, गडवे जमा होतात. पंगती उठल्या की खूण पाहून ज्याचं त्याला परत. दुसऱ्याच्या खुणेचं भांडं चुकून आपल्या घरी आलं, तर वर्षाने सापडलं तरी नेऊन द्यायचं. ना विचारायचं, ना किंमत बोलायची. आसगावची एक परात आमच्याकडे राहिली होती, ती मी भर पावसाळ्यात बंडीत घालून पोचवून दिली होती.

तीच खूण इश्वरने बंडीच्या चाकाच्या उरलेल्या लाल रंगाने एकेका रेकॉर्डीच्या मधल्या कागदावर काढली. मला दाखवायला घेऊन आला. मी म्हटलं, "रेघ वाकडी गेली." त्याने हसून पुसली, पुन्हा काढली.

आणीबाणी उठली त्या वर्षीच्या लग्नसराईत आसगावला ह्यांच्या मामेभावाच्या घरी लग्न होतं. भोंगा इश्वरचाच. आम्ही पाहुणे म्हणून गेलो, फेटा बांधून, लुगडं नेसून. भोंगेवाला अन् वाजंत्री यांची पंगत सगळ्यांच्या मागून, मांडवाच्या बाहेर, धानाच्या तणसाच्या ढिगापाशी. ह्यांच्यासोबत बसलेल्या कोणीतरी विचारलं, "केशवराव, तो भोंगेवाला तुमच्याच गावचा ना? कोनाचा पोट्टा हाय?"

हे म्हणाले, "असन कोनाचा तरी."

इश्वर पाण्याचा गडवा घ्यायला तिथंच आला होता. मामेभावाच्या घरची सीताबाई पुऱ्या वाढत होती, तिने दोघांचीही तोंडं पाहिली. तिनेच मला नंतर सांगितलं. इश्वर गडवा घेऊन परत गेला. संध्याकाळी नवरी निघाली तेव्हा सुद्धा बरोबर तेच गाणं लावलं. दुसऱ्या दिवशी घरी आला, बंडी न सोडताच आपले कपडे घेतले अन् तिच्यात टाकले.

"कोठी चालला रे?"

"बाबाले इचार."

मी ह्यांना विचारलं. हे सुपारी फोडत होते. "भूक लागन तवा येईन," म्हणाले.

नाही आला. त्या दिवसापासून मी दारावर येणाऱ्या एकाही माणसाला सोडलं नाही. बांगडीवाली आली की विचार, नागपूरला जाणारा कोणी दिसला की विचार, पवनीच्या जत्रेत भोंगा वाजला की उठून पाहायला जा. प्रत्येक लग्नात आधी मांडवामागे जाऊन पाहायचं, भोंग्यापाशी कोण बसलंय. तिथं दुसऱ्याच कोणाचा पोरगा बिडी ओढत बसलेला असायचा. दोघी लेकी सासरी गेल्या. जेवायला दोन ताटं उरली, अन् त्यातलं एक मुकं. मी पुढच्या सपरीत बसून कोणाला तरी इश्वरचं विचारत असायची, अन् हे तिथंच, हातभर अंतरावर, सुपारी फोडत असायचे. ऐकत असायचे.

यंदा उन्हाळ्यात आसगावचे तेच मामेभाऊ वारले. तेराव्याला हे दोन दिवस तिकडे गेले. मी म्हटलं माझी कंबर दुखते. ह्यांची गाडी गेली अन् मागच्या गाडीने मी भंडाऱ्याला.

दुकान सापडायला वेळ लागला नाही, गाण्याच्या आवाजावरून गेले. बोळीत एक निमुळतं दुकान, आत दोन्ही बाजूंना चहाची लाकडी खोकी, अन् खोक्यांत रेकॉर्डी उभ्या खोचलेल्या, जशी शाळेत पोरं दाटीने बसवलेली असतात. मालक भैय्यालाल नावाचा, पांढऱ्या मिशीचा, हातात मलमलचा तुकडा, एकेक रेकॉर्ड पुसत बसलेला. कॉलेजची दोन पोरं खोक्यापुढे वाकून होती. बोटांनी एकेक पुढे ढकलत होती, थप, थप, थप. एखादीवर थांबायची, काढून उजेडात तिरपी धरून ओरखडे पाहायची, पुन्हा आत.

"आइये माताजी. काय पाह्यजे? भजन? कीर्तन?"

"पाहून राह्यले," मी म्हटलं.

नुसतं बसून राहिलं तर माणूस विचारणारच. म्हणून मीही एका खोक्यापुढे बसले. त्या पोरांचं पाहून बोटं चालवायला लागले. वर मोठ्या, चकचकीत पुठ्ठ्यांच्या. त्यावर बाया. गळ्यात एवढं, नाकात एवढं, पदराचा मात्र पत्ता नाही. मग लहान बशीएवढ्या. खाली जुन्या, लाखेच्या, जड, तव्यासारख्या. मी तिसरीपर्यंत शिकले आहे, अक्षर लावत लावत वाचते, पण इथं अर्धं इंग्रजी. मी चित्रांवरूनच पाहत होते. खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. कितीतरी दिवसांनी हातांना असं काम होतं ज्यात कोणासाठी काही रांधायचं नव्हतं.

भिंतीला टेकून एक पेटी होती, पोत्याने अर्धी झाकलेली. मी पोतं सरकवलं.

"ते नका पाहू माताजी," भैय्यालाल म्हणाला. "तो लग्नातला माल हाय."

"म्हंजे?"

"भोंगेवाल्यांचा. आता कॅसेटी आल्या ना, तर हे लोक रेकॉर्डी काढून राह्यले. पन लग्नात वाजलेली रेकॉर्ड म्हंजे पूरी घिसलेली. एका दिवसात तेच गानं धा खेपा. वरून धूळ, वरून हळदीचे हात. देखो." त्याने एक पाकीट काढून दाखवलं. कोपऱ्यावर अंगठ्याचा पिवळा ठसा होता. "शौकीन लोक हात नाही लावत याले."

"मंग ठेवता कायले?"

"एक बुजुर्ग हायेत. तेवढाच माल घेतात."

मी त्याच्या हातातून ते पाकीट घेतलं. आतली रेकॉर्ड अर्धी बाहेर काढली. मधल्या कागदावर लाल तीन टिपके अन् खाली रेघ.

दुसरी काढली. तीन टिपके, रेघ. तिसरी काढली. मग मी बघणं सोडून दिलं अन् नुसत्या काढतच गेले. पदर पसरला अन् त्यावर रचायला लागले.

"अहो माताजी, आहिस्ता! फुटतात ते! अन् ते बिकलेलं हाय!"

"कोनी इकलं? हे माझ्या घरचं हाय."

"आपल्या घरचं कसं?"

"ही खूण माझ्या घरची. माझ्या सासूच्या भांड्याईवर हेच, माझ्या भांड्याईवर हेच. दुसऱ्याची खूण असलेली वस्तू घरात ठेवून घेतली तर आमच्या गावात त्या मानसाच्या घरी कोनी पानी पीत नाही. तुमी तर दुकान मांडून बसले!"

"अहो, मी नगद देऊन घेतलं!"

"मंग तुमी फसले. मी का करू?"

कॉलेजची पोरं हसायला लागली. मी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, ती रेकॉर्डी न घेताच निघून गेली. भैय्यालालने हात जोडले.

"माताजी, ते कोंढ्याच्या केशवराव पाटलांची पेटी हाय. त्याईले इचारल्याबिगर मी एक बी देऊ शकत नाही."

"मी केशवराव पाटलांचीच बायको हावो," मी म्हटलं. नवऱ्याचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा घेतलं, तेही रेकॉर्डीच्या दुकानात.

तो खुर्चीवरून उठला. गाणं बंद केलं. मागे स्टोव्हवर चहा ठेवला अन् मला बाकड्यावर बसवलं, त्याच बाकड्यावर.

मग त्याने सांगितलं. इश्वर चिखल्याला होता. मँगनीजच्या खाणीचं गाव, तिकडे तुमसरच्या पलीकडे. खाणीच्या वसाहतीत लग्नं, बारशी, गणपती, तिथं त्याचा भोंगा चालायचा. कॅसेटी आल्यापासून धंदा बसत चालला. मग तो पगारानंतरच्या रविवारी थोड्याथोड्या रेकॉर्डी इथं आणून विकायचा. एकदा ह्यांना रस्त्यावरून तो दिसला, दुकानात शिरताना. हे समोरच्या बाजूला उभे राहिले, तो निघून जाईपर्यंत. मग आत आले अन् तो काय विकून गेला ते सगळं घेतलं. तेव्हापासून इश्वर रविवारी यायचा अन् हे सोमवारी.

"घरी नेत नाहीत," भैय्यालाल म्हणाला. "म्हनतात, इथंच राहू द्या. इश्वरबाबू आले की मी पोतं टाकून देतो. बाबूजीनं शपथ घातली होती."

म्हणजे माझ्या घरापासून तीन गाड्यांवर माझा मुलगा राहत होता, अन् माझ्या शेजारी बसून सुपारी फोडणाऱ्या माणसाला ते माहीत होतं. चहा हातात निवून गेला.

"तो काही बोले?"

भैय्यालालने मान खाली घातली. "दर खेपेले इचारत. कोंढ्याकडचं कोनी येते का जी तुमच्या दुकानात? मी म्हनो, नाही."

"जीभ झडली नाही तुमची?"

"शपथ होती माताजी."

मी काढलेल्या रेकॉर्डी होत्या तशा परत लावून पेटी पुढे ओढली. मागून पुढे पाहायला लागले, कारण ठेवणाऱ्याने मागून भरत आणली होती, आधी विकलेली मागे, शेवटची पुढे. सगळ्यांत मागे कोणी न मागणारी गाणी होती, शिनेमातली, फुटकळ. असतातच अशी पाच-सहा प्रत्येकाकडे. त्यापुढे वरातीची. म्हणजे वराती कमी झाल्या. त्यापुढे हळदीची, ज्यांची पाकिटं पिवळी होऊन गेली होती. मग नवरी निघतानाची. ती हातात आली तेव्हा मला समजलं, की ही विकली तेव्हा त्याला एकाही लग्नाची आशा राहिली नव्हती. ह्याच्याशिवाय लग्न होत नाही. पोरीची माय ते गाणं लागेपर्यंत रडू धरून ठेवते. अन् सगळ्यांत पुढे, शेवटची, गणपतीची. भोंगा बांधला की पहिली तीच लावतात. पाकिटावर कुंकवाचं बोट होतं. धंदा कायमचा मोडल्याशिवाय कोणी देवाची रेकॉर्ड विकायला काढत नाही.

"ही कवा आनली?"

"माघात. त्याच्यानंतर आले नाही."

"अन् भाव? तुमी तर म्हनता घिसलेला माल हाय."

तो चाचरला. मग बोलला. "खरं सांगू? बाहेर याले कोनी निम्मे बी देनार नाही. पन बाबूजी म्हनले, तो पोट्टा जे आनीन ते घे, भाव चांगला दे, वरचे मी देतो. मी देत गेलो. इश्वरबाबू खूश. म्हनत, भैय्यालालजी, तुमच्यासारखा भाव नागपूरले बी नाही. बाकीचे भोंगेवाले अजून दोन्ही ठेवून हायेत, कॅसेट बी, रेकॉर्ड बी, खेड्यातल्या लग्नाचं चालून जाते त्याईचं. इश्वरबाबूले मी एकदा म्हनलो, थोडा माल राहू द्या. तर म्हनले, एवढा भाव पुन्हा कोन देईन?"

मी पेटीवर पोतं टाकलं. "ही इथंच राहू द्या. मी येते."

तुमसरला जाणारी गाडी उभीच होती. तुमसरवरून खाणीकडे जाणाऱ्या एका खासगी गाडीत बसले. सगळे खाणीवर पाळीला जाणारे, काळ्या धुळीने कपडे भरलेले. कोणी कोणाला काही विचारत नव्हतं. वाटभर मी मनात एकच जुळवत होते, की दार उघडल्यावर आधी रागवायचं की आधी जवळ घ्यायचं. रागवायचंच ठरवलं. जवळ घ्यायला मग वेळ होता.

वसाहतीत एकसारख्या खोल्यांची ओळ. विचारत विचारत गेले. त्याच्या दाराला दुसऱ्याच कोणाचा पडदा होता. पडद्याआडून एक बाळंतीण बाहेर आली, तिला काहीच माहीत नव्हतं. शेजारच्या खोलीतली बाई मात्र उभीच राहिली माझ्याकडे पाहत. मंगलाबाई तिचं नाव.

"तुमी इश्वरभाऊच्या माय का जी? नाक तेच हाय."

तिने मला आत नेलं, पाणी दिलं. तो माघात गेला होता. कोणत्या तरी ठेकेदारासोबत, भिलाईच्या बाजूला, नाहीतर आणखी पुढे. तिला पक्कं ठाऊक नव्हतं. भोंगे तुमसरच्या भंगारवाल्याला दिले. मशीन वसाहतीच्या गणपती मंडळाला अशीच देऊन टाकली.

"लगन?"

"नाही केलं. एकटाच राहे. सोताच रांधे. सनावाराले आमी ताट देवो, तर बाहेर ओट्यावरच बसून जेवे, आत बस म्हनलं तरी आत नाही येत. मी म्हनो, भाऊ, दिवाळीले तरी घरी जा. तर म्हने, मी भंडाऱ्यात दर खेपेले इचारतो वहिनी, घरून कोनी इचारलंच नाही अजून."

ती रडायला लागली, कोणाची कोण. मला तिलाच समजवावं लागलं. ओटा मी जाताना पाहिला. सिमेंटचा, कोपरा फुटलेला. तिथं बसलं की समोर खाणीचा ढिगारा दिसतो अन् दुसरं काही दिसत नाही.

रात्र मंगलाबाईकडे काढली. सकाळी परत निघाले, भंडाऱ्यात उतरले. भैय्यालालने पेटी सुतळीने बांधून दिली अन् गाडीवर चढवून द्यायला स्वतः स्टँडवर आला. कंडक्टर म्हणाला, "मावशे, याच्यात का हाय? फुटनारं हाय का?" मी म्हटलं, "तू गाडी नीट हाकाले सांग, मंग नाही फुटत." मांडीवर ठेवून आणली मी ती, कोंढ्यापर्यंत. जड होती. खड्डा आला की आत एकमेकींवर आपटायच्या, अन् मी वरून हात दाबून धरायची.

घरी आले तेव्हा हे आसगाववरून येऊन सपरीत बसले होते. चूल पेटलेली नव्हती म्हणून नुसते बसले होते. मी पेटी त्यांच्या पुढ्यात ठेवली, सुतळी सोडली, गणपतीची रेकॉर्ड काढून वर ठेवली. अडकित्ता हातातच थांबला.

"कोठून आनली?" म्हणाले.

"तुमी जेथी ठेवली तेथून."

माझी ऐकायची तयारी होती. इतकी वर्षं ज्याने वाटी सरकवली तो माणूस आज तरी बोलेल, म्हणून मी उभीच राहिले. अंगणात चिमण्या धान टिपत होत्या, त्यांना हाकललं सुद्धा नाही.

"मी त्याचा माल दुसऱ्याच्या हाती जाऊ देला नाही," शेवटी म्हणाले. "एक बी नाही. सगळा हाय. मोजून पाह्य."

"तो चिखल्याले हाय हे तुमाले ठावं होतं."

"होतं."

"मी बांगडीवालीले इचारो, भांडेवाल्याले इचारो. तुमी एथीच बसून राह्यले."

"त्याले दोन पैसे भेटावे म्हनून तं मी..." एवढं बोलले अन् थांबले. डोळे पुसले नाहीत, पण फेट्याचा पदर उगाच पुढे घेतला. "समोर जाऊन का म्हनू वं? त्या दिवशी मी म्हनलो का असन कोनाचा तरी. त्यानं आयकलं. आता कोन्या तोंडानं म्हनू?"

"तो चिखल्याहून गेला. माघातच. पत्ता नाही."

अडकित्ता खाली ठेवला. रेकॉर्डीवर हात ठेवला, मधल्या लाल खुणेवर, अन् तसाच ठेवून बसले. आता माझ्याकडे पाहत होते. पहिल्यांदा. मी काहीतरी बोलावं, बरं बोलावं, असं त्यांना वाटत होतं. मला ते दिसत होतं. शेजारी सुलोचनाबाईच्या अंगणात सगळं ऐकू जाणार, तेही माहीत होतं. मी आवाज खाली घेतला नाही.

"तुमी भाव देला म्हनून त्यानं इकलं," मी म्हटलं. "थोडा कमी देला असता तं दोन-चार रेकॉर्डी राह्यल्या असत्या त्याच्यापाशी, दोन-चार लग्नं भेटली असती, चिखल्यातच राह्यला असता. घरी ये म्हनाले तुमाले तोंड नवतं, वरचे पैसे देवाले हात होता. आयका आता, मी एकदाच सांगते. तुमी त्याचे बाप नाही राह्यले जी. तुमी त्याचे गिराइक झाले."